मुरमातल्या मिरच्या

९ ऑक्टोबर

ही डायरी गोदामातल्या ट्रान्सपोर्टवाल्याने जानेवारीत दिली होती. वर्ष सरत आलं तरी कोरीच होती. आज कपाटातून काढली, कारण मिरचीचं बी पेरलं, आणि कुठलं कधी पेरलं हे माझ्या लक्षात राहणार नाही. पाणीपुरवठ्यात पंपावर असताना तासातासाला नोंद करायची सवय होती. रिटायर झाल्यापासून हात मोकळाच पडलाय.

तर नोंद. चहाच्या कागदी कपांत पेरलं: लवंगी, संकेश्वरी आणि भूत. भूत म्हणजे भूत जोलोकिया. आसामचा ड्रायव्हर रफीकुल आमच्याकडच्या गोदामात माल घेऊन येतो, त्याने दोन सुक्या मिरच्या पेपरात गुंडाळून दिल्या. म्हणाला, "चाचा, इसको नंगे हाथ से मत छूना. आँख में गया तो मेरे को गाली दोगे."

घरी येऊन मी मुद्दाम नखाएवढा तुकडा जिभेवर ठेवला. घशात निखारा, कानांत शिट्ट्या, डोळ्यांतून धारा. बायको, सुवर्णा, ताक घेऊन धावली. तिला वाटलं मी रडतोय.

थोडा रडतही होतो. महिनाभरात पहिल्यांदा तोंडात काहीतरी आहे असं कळलं होतं.

१० ऑक्टोबर

काल लिहिलं ते अर्धवट राहिलं. इथे कोण वाचणार आहे, पूर्णच लिहितो.

गणपतीत ताप आला. ताप उतरला, पण जाताना वास घेऊन गेला. आधी वाटलं सर्दी आहे. मग एकदा उदबत्ती नाकापाशी धरली, काही नाही. कांदा फोडून धरला, डोळ्यांना लागला, नाकाला नाही. खारट-आंबट जिभेला पुसटसं कळतं, बाकी सगळं एकसारखं. बोंबलाचं कालवण आणि गरम पाणी, फरक फक्त काट्याचा.

कुणाला सांगितलेलं नाही. आमच्या दापोड्यात आणि आसपासच्या गावांत हळद असली की मटणाच्या टोपापाशी केसरीनाथ उभा असतो, हे ठरलेलंच. लग्नाच्या आदल्या दिवशीची हळद आमच्या आगरी लोकांत लग्नाहून मोठी. लग्न कुणाचं होतं हे लोक विसरतात, हळदीचं मटण कसं होतं ते विसरत नाहीत. मी आचारी नाही, पण तो टोप माझ्या हाती देतात हा माझा मान आहे.

आणि येत्या एप्रिलमध्ये क्षितिजाची हळद आहे. क्षितिजा माझ्या धाकट्या भावाची, सावळारामची मुलगी. तिची आई ती चालायला लागायच्या आधीच गेली. आमचं घर आणि त्याचं घर यांच्यात एक अंगण. त्या अंगणातून ती इकडून तिकडे करत वाढली. आम्हाला मूल नाही असं लोक म्हणतात. सुवर्णा म्हणते, लोकांना म्हणू दे.

एप्रिलपर्यंत नाक येईल. तोवर कुणाला कळू द्यायचं नाही.

२३ ऑक्टोबर

लवंगी आणि संकेश्वरी उगवली. भूत झोपलंय.

घरामागची जागा खणायला घेतली. तिथे एकेकाळी आमचं खळं होतं. शेतावर गोदाम झालं तेव्हा उरलेला मुरूम, विटांचे तुकडे, काँक्रीट सगळं इकडे ओतलं. आम्हीच सांगितलं होतं, टाका, पावसात चिखल नको. आता टिकाव मारला की ठिणगी उडते. दोन तासांत निघालं ते: पॅकिंगच्या पट्ट्या, फरशीचे तुकडे, सिमेंटची गोण, कुणाची तरी डाव्या पायाची चप्पल.

सुवर्णा दारातून बघत होती. म्हणाली, "अहो, कुंड्यांत लावा ना."

"कुंडीत शोभेची झाडं लावतात," मी म्हटलं.

५ नोव्हेंबर

दिवाळी झाली. एक चूक झाली असती, वाचलो.

सुवर्णा चकल्या करत होती. रोज काहीतरी बोलायला हवं ना, म्हणून मी आत जाऊन म्हटलं, "वा! काय वास सुटलाय!"

ती सोऱ्या हातात धरून माझ्याकडे बघत राहिली. "तेल अजून तापतंय," म्हणाली.

"तेलाचाच म्हणतोय मी," असं म्हणून बाहेर आलो. तिला काही कळलं नाही. नंतर फराळाचं ताट घेऊन सावळारामकडे गेली ती बऱ्याच वेळाने परत आली. बायकांच्या गप्पा म्हणावं, तर त्या घरात बाई फक्त क्षितिजा.

भूत उगवलं. दोन कपांत एकेक कोंब, मान वाकवून.

१७ नोव्हेंबर

खणलेल्या जागेत वाफा करून रोपं लावली, थोडी कपांत मागे ठेवली. बाजारातून आणलेलं खत घातलं. भूत मात्र सगळंच अजून कपांत ठेवलंय, फार नाजूक आहे.

घरात नवीनच खूळ निघालंय. स्वयंपाकघराची खिडकी दिवसभर उघडी. मी चहा टाकायला उठलो की सुवर्णा नाहीतर क्षितिजा हजर. "काका, मी करते." लग्न ठरल्यापासून पोरगी फारच कामसू झाली आहे.

२५ नोव्हेंबर

राग अजून उतरला नाही, तरी लिहितो.

काल गावातल्या धनेशच्या धाकट्या भावाची हळद होती. मटणाचा मोठा टोप माझ्याकडे. कांदा परतला, मसाला घातला, मटण टाकलं, सगळं नेहमीच्या अंदाजाने. सावळाराम सारखा मागे-पुढे. मग म्हणाला, "दादा, धनेश बोलावतोय तुला मांडवात."

मी गेलो. धनेश म्हणाला, "काका, मी न्हाय बोलावलं."

परत येतो तर मटण दुसऱ्याच टोपात! माझा टोप मागे उपडा घालून दोघं जण घासतायत. मी म्हटलं, "हा काय प्रकार हाय?"

"टोप लहान पडत होता, दादा."

त्या टोपात मी अख्ख्या गावाला जेवायला घातलंय! मला दिसत नाही का? मी साठी ओलांडली, आता टोप त्याला हवाय. पोरीच्या हळदीला स्वतः उभं राहायचं असेल, लोकांनी म्हणायला हवं, सावळारामचं मटण. मी सगळ्यांसमोर बोललो, "माझ्या टोपाला परत हात लावायचा न्हाय. आणि माझ्याशी बोलायचं पण न्हाय."

त्याने मान खाली घातली. खोटं वागणाऱ्याला बोलायला काय असणार?

२९ नोव्हेंबर

वाफ्यातली रोपं पिवळी पडली. पाणी घातलं की वरच उभं राहतं, आणि उन्हात त्याची पापडी होते. खाली बोट जात नाही.

३ डिसेंबर

कामतघरला गेलो होतो. माझा मित्र सुभाष तिथे लूमवर फिटर आहे. त्याच्याकडून सुताच्या कचऱ्याची दोन पोती आणली. म्हटलं, कापूस आहे, मातीत घातला तर कुजेल, जमीन भुसभुशीत होईल. सुभाष म्हणाला, "घेऊन जा, आमच्याकडे कोण उचलतंय." वाफ्यात पसरून टाकला. आता बरं वाटतंय बघायला, जणू बर्फ पडलाय.

सावळारामशी बोलणं बंद आहे. समोरच्या दारातून तो पाण्याची बादली उचलताना दिसतो, मी पेपर वर धरतो.

१२ डिसेंबर

सुताचा कचरा कापसाचा नव्हता. पॉलिस्टर. कुजायचं नावच नाही. पाणी पडून सगळ्याचं एक कांबळं झालंय, आणि त्याखाली रोपं गुदमरून गेली. वाचली फक्त कपांत मागे ठेवलेली: सहा लवंगी, तीन संकेश्वरी, दोन भूत.

सुवर्णाला हसू आवरेना. मग मलाही हसू आलं. नंतर एकटाच त्या कांबळ्यावर बसलो. नाक नाही, जमीनही नाही. मिरची कशाला हवी आहे मला? खरं सांगायचं तर एवढ्यासाठी की जेवताना जेवतोय हे कळावं. ठेचा तोंडात गेला की डोकं लख्ख होतं, बाकीचं जेवण म्हणजे रद्दी चावणं. बाजारातली मिरची आता पुरत नाही.

१५ डिसेंबर

सकाळी दारात टेम्पो. दिघाशीहून माती आणि शेणखत. मी मागवली नव्हती. ड्रायव्हर म्हणाला, "सावळारामशेठनी पाठवलीय."

मी म्हटलं, परत घेऊन जा. सुवर्णा बाहेर आली आणि म्हणाली, "खाली करा हो, यांचं काही ऐकू नका." तिने इतक्या वर्षांत परक्या माणसासमोर मला कधी असं तोडलं नव्हतं.

टोप पळवायचा आणि वर माती देऊन गप्प करायचं, मला काय समजत नाही? पण माती चांगली आहे, हे खरं. काळी, मऊ, मुठीत दाबली की गोळा होतो आणि बोट लावलं की सुटतो.

१८ डिसेंबर

हट्ट सोडला. जमिनीत नाही, जमिनीच्या वर लावायचं. गोदामातून फुटके प्लास्टिक क्रेट आणले, आत गोणपाट, मग दिघाशीची माती, शेणखत आणि भाताचा तूस. तूस घातला की पाणी अडत नाही. क्रेट विटांवर ठेवले, म्हणजे खालच्या मुरमाशी त्यांचा संबंधच नको.

माती भरताना हाताला ऊब लागत होती. एक मूठ नाकापाशी धरली. लहानपणी खळ्यात पडलो की असायचा तो वास आठवायचा प्रयत्न केला. चित्र आठवतं, वास आठवत नाही. बराच वेळ तसाच उभा होतो. मान वळवली तर समोरच्या दारात सावळाराम. तो आत गेला.

१२ जानेवारी

नवीन वर्षाची डायरी आली, पण मी हीच चालवणार. तारखा खोडून लिहितो.

रोपांनी अंग धरलंय. लवंगीला कळ्या. भुताची पानं रुंद, चुरगळलेली, एखाद्या म्हातारीसारखी.

आज रविवार. मी घरी मटण केलं, हात चालू राहायला हवा. सुकं खोबरं डब्यात होतं, ते भाजून वाटण केलं. सुवर्णाने मला न विचारता सावळारामला जेवायला बोलावलं. आम्ही एकमेकांकडे न बघता जेवलो. क्षितिजाने दोन घास खाल्ले आणि म्हणाली, "काका, पोटात दुखतंय." लग्नाच्या ड्रेससाठी बारीक व्हायचंय, दुसरं काय. सावळारामने मात्र ताट पुसून खाल्लं, वर रस्सा मागून घेतला. अबोला असला तरी माझ्या हाताची चव त्याला सोडवत नाही.

१३ जानेवारी

टोप सकाळीच रिकामा दिसला. बघा, कसं संपलं!

खोबऱ्याचा डबा कुठे सापडत नाही. सुवर्णा म्हणते मुंग्या लागल्या होत्या, टाकून दिलं.

१६ फेब्रुवारी

पहिली लवंगी तोडली. आभाळाकडे तोंड करून उभी असते, खाली लोंबत नाही, म्हणून मला आवडते. मीठ आणि लसूण घालून ठेचा केला. कपाळावर घाम, कान गरम. झकास.

सगळ्यांना वाढला. हल्ली सुवर्णा सगळ्यात दही घालून खाते, म्हणते थंडावा हवा. थंडीत?

भुताला फुलं येतात आणि गळतात. रफीकुलला फोन केला. म्हणाला, "टाइम दो, चाचा. वो अपने मन का मालिक है."

९ मार्च

आज जे झालं ते लिहायचं नव्हतं.

सुवर्णा साड्या बघायला भिवंडीत गेली होती. दुपारी मी चहाचं आधण ठेवलं आणि तिथेच खाली बसून लाल लवंग्या निवडायला घेतल्या. वीज गेली होती. मन रमलं होतं. गॅस वाऱ्याने विझला असणार. मला काही कळलं नाही, कळणार तरी कसं? थोडं डोकं जड झालं एवढंच. वीज आल्यासारखं वाटलं म्हणून पंखा लावायला उठलो, तेवढ्यात मागच्या दारातून क्षितिजा किंचाळली.

"काका! बटणाला हात लावू नका!"

तिने नाकावर ओढणी धरून रेग्युलेटर बंद केला, माझं मनगट पकडलं आणि मला ओढत अंगणात आणलं. क्रेटपाशी आम्ही दोघं बसलो. मी म्हटलं, "अगं, सर्दीमुळे जरा..."

"काका, पुरे," ती म्हणाली. "तुम्हाला वास येत नाही हे आम्हाला माहितीय."

"आम्हाला म्हणजे?"

"मला, काकूला, बाबांना. दिवाळीपासून. काकूच बाबांकडे येऊन रडली होती."

ती बोलत राहिली, डोळे पुसत. "धनेशदादाकडे तळाला करपलं होतं, काका. मांडवाबाहेरपर्यंत वास येत होता. बाबांनी वरचं वर दुसऱ्या टोपात काढलं म्हणून निभावलं. नंतर त्यांनी आम्हाला बजावलं, दादाला कळता कामा न्हाय की आपल्याला कळलंय. त्याला लाज वाटेल."

"आणि त्या रविवारी?"

"खोबरं खवट होतं. बाबांना दोन दिवस त्रास झाला."

त्याने रस्सा मागून घेतला होता.

११ मार्च

बाहेर गेलो नाही. पाणी कोण घालतंय माहीत नाही. मरू देत मिरच्या.

१५ मार्च

सगळ्या गावासमोर मी त्याला काय काय बोललो. आणि तो मान खाली घालून उभा.

सुवर्णाला विचारलं, "तू मला का नाही सांगितलंस?" ती भात वाढत होती. म्हणाली, "तुम्ही मला सांगितलंत?"

१७ मार्च

भर दुपारी खिडकीतून बघतो तर सावळाराम लोटा घेऊन क्रेटपाशी. बारा वाजताच्या उन्हात पानांवर पाणी शिंपडतोय, देवाला घालतात तसं. मला राहवेना.

"अरे, पानांवर न्हाय! मुळाशी घाल! आणि ही काय वेळ हाय? पानं भाजतील ना!"

तो दचकला. लोटा तसाच हातात. "मना काय ठावं? आठ दिवस असाच घालतोय."

नोव्हेंबरनंतरचं आमचं पहिलं बोलणं हे. मी लोटा घेतला आणि मुळाशी ओतून दाखवलं. मग दोघं विटांवर बसलो. गोदामात ट्रक मागे घेत होते, त्याचा पीं-पीं आवाज चालू होता. मी म्हटलं, "सावळा, मी फार बोललो तुला."

"मोठा भाऊ हायस. बोलशील न्हायतर काय."

"मला सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर तू टोप सोडला असता."

"सोडायलाच हवा होता. लोकांच्या पोटात करपलेलं घालायचं का?"

"घातलं कुठे? मी होतो ना."

मी म्हटलं, "क्षितिजाच्या हळदीला आचारी बोलाव. चांगला बोलाव." तो हसला. "तिला सांगून बघ. बोलते, काका न्हाय तर हळदच न्हाय. मी काय करू? माझं ऐकते का ती?"

"नाक न्हाय मला, सावळा."

"मना हाय ना," तो म्हणाला. "पण मना शिजवता येत न्हाय. तुला येतंय."

२ एप्रिल

भिवंडीत डॉक्टरकडे जाऊन आलो. सुवर्णा सोबत होती. डॉक्टर म्हणाले, तापात वासाच्या नसा दुखावतात, कधी परत येतात, कधी नाही, वेळ सांगता येत नाही. लवंग, लिंबू, गुलाब रोज नाकापाशी धरून आठवायला सांगितलंय. धरतो. लिंबू पिवळं दिसतं, बस.

बाहेर आल्यावर सुवर्णा म्हणाली, "नाही आला तरी चालेल." मी म्हटलं, "मला नाही चालणार." ती म्हणाली, "ते मला माहीत आहे हो."

भुताला सात मिरच्या धरल्यात. इतके दिवस फुलं गाळत होतं, मी लक्ष काढलं आणि धरलं.

१३ एप्रिल

रंगीत तालीम. मी मटण केलं, सावळाराम स्टुलावर नाक घेऊन बसला.

"कांदा बघ. वास कसा येतोय?"

"चांगला."

"चांगला म्हणजे काय रे? कच्चा, गोड की कडवट?"

त्याने डोळे मिटले. "मिठाईवाल्याच्या दुकानामागून गेल्यासारखा."

"म्हणजे गोड. आता मसाला घालायचा."

मसाला घातल्यावर त्याला शिंका आल्या. लवंगी आपलीच, उन्हात वाळवलेली. मी म्हटलं, तेल सुटलेलं मला दिसतं, पण मसाल्याचा कच्चेपणा गेला का ते तूच सांग. तो म्हणाला, "धुळीसारखा वास येतोय." थोड्या वेळाने म्हणाला, "आथा धूळ बसली." मी मटण टाकलं.

जेवताना क्षितिजाचं तोंड लाल झालं. या वेळी तिने लपवलं नाही. "काका, तिखट फार आहे. बरेच महिने फार आहे." सुवर्णाने दह्याची वाटी तिच्याकडे सरकवली. मग स्वतःही घेतली.

मला वाटत होतं त्यांना आवडतंय.

२६ एप्रिल

भूत पिकलं. दोन लाल, बाकी नारिंगी. कातडीवर खडबडीत दाणे, उन्हात चमकतात. दोनच तोडल्या, हातमोजे घालून. हळदीच्या टोपात पडायला हव्यात, हे मनात आहे. पण किती, हे आता मी एकटा ठरवणार नाही.

१ मे

हळद झाली, काल लग्न झालं. अंग आंबलंय, तरी लिहिल्याशिवाय झोप लागणार नाही.

हळदीच्या दुपारी मांडवात बेंजोची वाजंत्री, पाहुणे, आहेर. मुलीचा बाप कुठे? टोपापाशी, स्टुलावर. लोक येऊन सांगत होते, "सावळाराम, व्याही आलेत." तो म्हणत होता, "बसवा, पाणी द्या, आलो." आणि जागचा हलत नव्हता. शेवटी व्याहीच तिथे आले. आगीच्या धगीत उभं राहून रामराम झाला.

मी कांद्याचा आवाज ऐकत होतो. कांद्यातलं पाणी असेपर्यंत चुरचुर जाड येते, पाणी आटलं की बारीक होते. इतकी वर्षं टोपापाशी उभा राहिलो, पण नाक होतं तोवर हे कधी कानावर घेतलंच नव्हतं. मी म्हटलं, "आता गोड झाला असेल." सावळाराम वाकला. "झाला!" त्यालाच जास्त आश्चर्य वाटलं.

तिखट अर्ध्यावर आणलं होतं. भुताचं काय करायचं यावर बोलणी झाली. सुवर्णा म्हणाली, "मुळीच नको, लहान मुलं जेवणार आहेत." क्षितिजा अंगभर हळद माखलेली, तशीच मागच्या दारापर्यंत आली. बायका ओरडत होत्या, बाहेर येऊ नको. ती म्हणाली, "काकांनी माझ्या हळदीसाठी लावलीय ती. एक तरी टाका." मग असं ठरलं: एकच मिरची, फडक्यात बांधून रश्शात सोडायची, आणि सावळारामच्या नाकाला झोंबली की काढायची. सोडली. आम्ही दोघं टोपात बघत बसलो. तो एकदम मागे सरकला, डोळे भरले, "काढ, दादा, काढ!" मी काढली.

पंगती उठल्या. धनेश मुद्दाम माझ्यापर्यंत आला, हात धुतलेला ओलाच होता. म्हणाला, "काका, एक नंबर." मी त्याला सांगितलं, "तुझ्याकडचं करपलं होतं. मला वास येत न्हाय, गणपतीपासून." पहिल्यांदा घराबाहेर बोललो. तो गोंधळला, मग म्हणाला, "मग आज?" मी स्टुलाकडे बोट दाखवलं.

सगळ्यांत शेवटी आम्ही दोघं जेवलो. मला मीठ कळलं, मऊ झालेलं मटण दातांना कळलं, आणि अगदी मागे, घशाच्या तळाशी, भुताची ऊब. तेवढंच. जाळ नव्हता, फक्त ऊब. जास्त मागावंसं वाटलं नाही.

काल पाठवणीच्या वेळी क्षितिजा सावळारामच्या गळ्यात पडली, मग सुवर्णाच्या, मग माझ्या. तिच्या केसांत मोगरा होता. वास घ्यायला मी डोकं वाकवलं, सवयीने. काही नाही. आणि मग मला रडू आलं, ते आलंच.

५ मे

घर मोठं झाल्यासारखं वाटतंय. सावळाराम दोन्ही वेळ आमच्याकडे जेवतो.

मुरमाच्या एका कोपऱ्यात, क्रेटच्या बाहेर, मिरचीचं रोप उगवलंय. पाण्याबरोबर बी वाहून गेलं असेल. लवंगी आहे की भूत, पानांवरून अजून कळत नाही. जगेल असं वाटत नाही. तरी त्याच्याभोवतीचे दगड काढले.

११ मे

सकाळी क्षितिजाचा फोन आला. सासरी आज पहिल्यांदा तिने मटण करायचं आहे. घाबरलेली होती.

"काका, मसाला किती परतू?"

"आवाज ऐक. फुटफुट बारीक झाली की कडेला तेल दिसेल."

"दिसतंय."

"आता वास घे. मला सांग."

"छान येतोय."

"छान म्हणजे काय गं? नीट सांग."

ती थांबली. मग सांगायला लागली. आधी कांदा, म्हणाली, गोड झालाय, पण टोकाला जरासा जळका, शेंगदाणे भाजतानासारखा. मग धणे, उन्हात वाळत घातलेल्या चादरीसारखे. लसूण मागे गेलाय. आपली लवंगी येतेय वरून, नाकात टोचते आणि पळते. तिच्याकडे कढई चुरचुरत होती, कुणीतरी भांडं ठेवल्याचा आवाज आला, तरी तिने वास सांगायचं थांबवलं नाही.

सुवर्णा आतून जेवायला हाक मारत होती. मी हातानेच थांब म्हटलं, आणि फोन कानाला आणखी दाबून धरला.